तिकडची स्वारी

१५ जून, रविवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की तोंड उघडू नका, वही उघडा. म्हणून ही वही. सकाळचं बीपी १५२/९६.

लिहिण्याचा मला कंटाळा नाही. चितेगावला कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे, लॉगबुक रोज भरतो. तिथं मशीन का बंद पडलं ते लिहायचं असतं, इथं माझं डोकं का तापलं ते. आज तापलं ते जेवायच्या टेबलावरून. टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे दीपमालाची कार्डं.

दीपमाला म्हणजे माझी बायको. पीएचडी करते. लग्न झालं तेव्हा बारावी होती. पुढचे सगळे फॉर्म मीच आणून दिले, हे मी चारचौघांत सांगतो आणि ते खरंच आहे. तिचा विषय आहे 'एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीत विवाहित स्त्रीचे वाढते स्वातंत्र्य'. कंपनीत गयासला सांगितला तर म्हणाला, "उस जमाने से बढ़ रा है बोलते, तो अब तक कित्ता बढ़ गया होंगा!" सगळी कँटीन हसली. मीही हसलो.

कार्डं ती लग्नपत्रिका कापून बनवते. मागची बाजू कोरी असते ना. एका बाजूला 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', दुसऱ्या बाजूला जुन्या कादंबरीतल्या बायका. चार वर्षांची कार्डं पत्र्याच्या पेटीत आहेत. रुखवतात शेवेचे लाडू भरून आली होती तीच पेटी. लाडू आठ दिवसांत संपले, ही कार्डं काही संपत नाहीत.

२२ जून, रविवार

आज पाण्याचा टँकर आला नाही. शहराच्या टोकाला आमच्या या सातारा परिसरात राहायचं म्हणजे नवसाला पावल्यासारखं पाणी. तो राग वेगळा, तो महापालिकेच्या खाती.

जेवताना दीपमाला श्रेयाला गोष्ट सांगत होती. श्रेया आमची मुलगी, यंदा दहावीला. गोष्ट त्या जुन्या कादंबरीची, जिची पहिली आठ पानं नाहीत आणि शेवटचीही नाहीत, म्हणून नावही माहीत नाही. तिच्यात वेणू नावाची बाई आहे. ती नवऱ्याचं नाव घेत नाही, कारण त्या काळी घेतच नसत. मग चोरून अक्षरं शिकते आणि चुलीच्या राखेत पहिल्यांदा लिहिते ते त्याचंच नाव. शेवटी काही खटला होतो, तिला कचेरीत उभं करतात आणि साहेब विचारतो, नवऱ्याचं नाव काय?

"मग घेती ती?" श्रेयानं विचारलं.

"घेते. मोठ्यानं घेते."

"मग पुढं?"

"पुढची पानंच फाटलेली आहेत."

मी म्हटलं, "पुढं काय, नवऱ्यानं घराबाहेर काढलं आसंल." दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. गंमत केली होती. या घरात गंमत कळत नाही.

४ जुलै, शुक्रवार

लाईन बंद पडली, दुपारीच सुट्टी मिळाली. सकाळीच फोन करून सांगितलं होतं, लवकर येतोय. दीपमालानं शेंगोळे केले होते, लसूण घालून झणझणीत. दोन वाडगे खाल्ले.

जेवण झाल्यावर ती दारात उभी राहिली. म्हणाली, "अहो, एक बोलायचं होतं."

"उठल्यावर बोल," म्हटलं आणि आडवा झालो तो दिवेलागणीला उठलो. तेव्हा काही बोलली नाही. असेल काहीतरी, गॅसचा नंबर लावायचा राहिला असेल. बीपी १३६/८८. असे दिवस रोज यावेत.

२० जुलै, रविवार

दीपमाला गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि अर्धा तास आली नाही. मी वर गेलो तर फोनवर बोलत होती, पाठ माझ्याकडे. हसत होती. "तिकडची परवानगी मिळाली की निघतेच. पण धाडसच होईना हो." मला बघून फोन खाली घेतला. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, बिल्किस मॅडम. या तिच्या गाईड. असतीलही. पण मॅडमशी बोलताना माणूस इतकं लाजतं का?

तिकडची म्हणजे कुठली? आणि निघायचं म्हणजे कुठं?

बीपी घेतलं नाही.

२८ जुलै, सोमवार

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आई लासूर स्टेशनला धाकट्या भावाकडे असते, दवाखाना वैजापूरचा. भावजयीचे दिवस भरत आलेत, तिला धावपळ जमायची नाही. दीपमालाला म्हटलं, दहा दिवस तू जा.

ती म्हणाली, "या आठवड्यात मॅडमना कार्डं दाखवायची होती. चार दिवस मागं-पुढं नाय का होणार?"

"आई आधी का कारडं आधी?"

तिनं बॅग भरली. निघताना म्हणाली, "पेटीला हात लावू नका हं. क्रमानं लावलीत." मला मेला आहे वेळ पेटीला हात लावायला.

३१ जुलै, गुरुवार

हात लावला.

खोटं कशाला लिहू? कारण शोधूनच लावला. श्रेयाच्या दाखल्याची झेरॉक्स पाहिजे होती, ती पेटीत असेल असं स्वतःला सांगितलं. वरची कार्डं वेणूचीच होती, पान नंबर घातलेली. खाली एक वेगळा गठ्ठा, रबर लावलेला. पान नंबर नाही, तारखा आहेत. याच वर्षाच्या. अक्षर तिचं.

इथं उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच वाटायला नको की स्वप्न पडलं होतं.

'१२ मे. तिकडे अलीकडे फार थकणे होते. चेहरा उतरलेला दिसतो.'

'१९ जून. तिकडे लिहिण्याचा नाद लागला आहे. काय लिहिणे होते कोण जाणे. एकदा वाचायला मिळाले तर!'

'४ जुलै. तिकडची स्वारी आज दुपारीच यायची आहे. शेंगोळे करीन म्हणते. बोलायचे धाडस होईल का?'

'तिकडे राग फार. पण मन वाईट नाही. हे मला ठाऊक, इतरांस नाही.'

म्हणजे माणूस लिहिणारा आहे. विद्यापीठातलाच कोणी. थकतो बिचारा! आणि दुपारी घरी येतो, माझ्या घरी, आणि शेंगोळे खातो. ४ जुलैला मी कुठं होतो? पहिल्या शिफ्टला असणार, चितेगावच्या उन्हात.

सतरा वर्षं. माझ्याबद्दल एक ओळ नाही त्या गठ्ठ्यात. सगळा गठ्ठा दोनदा वाचला. एक ओळ नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

बीपी १७२/१०६. जेवण गेलं नाही. श्रेयानं विचारलं, पप्पा बरं नाही का? तिच्या तोंडाकडे बघवेना.

आईचा फोन आला. "सून लई गुणाची हाय रे बाबा. दिवसातून सहा येळा डोळ्यात थेंब घालती. हात कसा मऊ." मी हूं हूं केलं. मग आईनं फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, "अहो, जेवताय ना वेळेवर? आवाज का असा येतोय?" काय सफाई आहे! मी फोन ठेवून दिला.

गयासला अर्धंमुर्धं सांगितलं, नाव न घेता, एका मित्राचं म्हणून. त्याला काय कळायचं ते कळलं. म्हणाला, "तेरे दोस्त को बोल, पहले पूछ, बाद में फूट." विचारायचं काय? हातात कार्ड आहे.

रडलो. बाथरूममध्ये नळ सोडून. नळालाही पाणी नव्हतं.

२ ऑगस्ट, शनिवार

सांडूभाऊ आला, भंगाराची हातगाडी घेऊन. दर शनिवारी येतो. त्याचं ओरडणं ऐकलं आणि पेटी उचलून मी खाली कसा आलो ते माझं मलाच कळलं नाही. सगळी पेटी त्याच्या गोणीत उपडी केली. चार वर्षांची. वेणू, वेणूचा नवरा, राख, कचेरी, सगळं.

सांडूभाऊनं एक कार्ड बोटांनी चाचपलं. "लई जाड कागद हाय, सायेब. आन लिवल्यालं दिसतंय. पोरीच्या अभ्यासाचं नाय ना?"

"नाही. घेऊन जा. पैसे नकोत."

"पेटी?"

"पेटी राहू द्या."

एक कार्ड खिशात ठेवलं, ४ जुलैचं. पुरावा म्हणून. दहा मिनिटं फार हलकं वाटलं. मग श्रेया क्लासवरून आली, रिकामी पेटी बघितली आणि विचारलं, मम्मीची कार्डं कुठायत? मी म्हटलं, दिली. ती म्हणाली, "पप्पा, तीनच प्रकरणं टाईप झालीत. वेणूचं सगळं कार्डावरच व्हतं. डिसेंबरला जमा करायचंय तिला."

मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तिनं दार लावून घेतलं.

४ ऑगस्ट, सोमवार

रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घालून विद्यापीठात गेलो. ठरवलंच होतं, त्या गाईडबाईला विचारायचं, तुमच्या डिपार्टमेंटमध्ये काय चालतं?

बिल्किस मॅडम साठीच्या जवळ आलेल्या, डोक्यावर पदर, समोर पुस्तकांचा ढीग. उठून उभ्या राहिल्या. "या, गोकुळराव. तुमच्या आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? दीपमालानं कळवलं होतं मला." मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी बसलोच नाही. कार्ड टेबलावर ठेवलं. "हा कोण आहे, तेवढं सांगा."

त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि हसायला लागल्या. मनापासून हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग माझं तोंड बघून थांबल्या.

"तुम्हाला खरंच माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "अहो, त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. 'ते' म्हणायचीही चोरी. समोर असले की 'इकडे', समोर नसले की 'तिकडे'. तिकडे जेवण झालं, तिकडून येणं झालं. तिकडची स्वारी म्हणजे नवरा, गोकुळराव. म्हणजे तुम्ही."

मी बसलो.

"त्या कादंबऱ्या वाचून वाचून तिला ही खोडच लागली आहे. फोनवरसुद्धा तशीच बोलते माझ्याशी. मी म्हटलं एकदा, हे काय गं? तर म्हणाली, मॅडम, आजच्या भाषेत यांच्याबद्दल लिहायला बसलं की भांडण होतं, जुन्या भाषेत लिहिलं की माया येते."

मी विचारलं, "आणि परवानगी कसली?"

"तिनं अजून विचारलं नाही तुम्हाला? पुण्याला एका ग्रंथालयात वेणूच्या कादंबरीची सबंध प्रत असल्याचं कळलंय. शेवटासकट. दोन महिने तिथं बसून वाचावं लागेल. कधीची घाबरतेय तुम्हाला विचारायला." मग म्हणाल्या, "बाकीची कार्डं आणलीत का? या आठवड्यात बघायची ठरली होती."

"घरी आहेत," मी म्हटलं.

घरी आलो, ही वही उघडली, ४ जुलैचं पान काढलं. शेंगोळे, दोन वाडगे. बायको दारात उभी, एक बोलायचं होतं. शेंगोळे खाऊन झोपलेला तो माणूस मीच. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. चार दिवस वही हाताशी होती आणि मी एक पान मागे उलटलं नाही. सगळ्या गठ्ठ्यात माझ्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं, आणि मी म्हणत होतो, एक ओळ नाही.

माझ्यासारखा गाढव या जिल्ह्यात नसेल. देवा, ती गोणी कुठं आहे?

५ ऑगस्ट, मंगळवार

सांडूभाऊचं घर मुकुंदवाडीला, पहाटेच गाठलं. त्यानं कपाळाला हात लावला. "मी इचारलं व्हतं तुमाला, सायेब." माल त्यानं शनिवारीच रोशनगेटकडच्या गोदामात घातला होता. गयासला फोन केला. तो शिफ्ट बदलून आला, एक शब्द विचारला नाही. गोदामवाला त्याच्या ओळखीचा निघाला.

गोदामवाला म्हणाला, काल सकाळी ट्रक गेला कागद गिरणीला. आता लगदा झाला असेल. गोण्या फुटून खाली जे सांडलंय, तेवढं बघा.

सांडलेला ढीग माणसाच्या कमरेएवढा. लग्नसराईच्या पत्रिकाच पत्रिका. एकेक उचलायची आणि उलटून बघायची. गणपती, गणपती, कोरं. गणपती, कोरं. गयास म्हणाला, "भाभी का हात कैसा है, दिखा." मी खिशातलं ४ जुलैचं कार्ड दाखवलं. त्यानं वाचायचा प्रयत्न केला नाही, नुसती अक्षराची वळणं बघितली आणि कामाला लागला.

दिवसभरात त्रेसष्ट कार्डं मिळाली. हजाराच्या वर होती. त्यातली काही चिखलानं भरलेली. तारखांच्या गठ्ठ्यातलं एकही नाही. खिशातलं एक सोडलं तर माझ्यावरचं सगळं गेलं.

संध्याकाळी गयासनं एक कार्ड माझ्या हातात दिलं. "ये तो तेराच है रे." आमच्याच लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा. एका बाजूला 'चि. गोकुळ' एवढंच, बाकी कापलेलं. मागे तिच्या अक्षरात: 'कचेरीत वेणूने नाव घेतले. मोठ्याने घेतले. पुढील पाने नाहीत.' कागद कमी पडला असेल म्हणून आमचीही पत्रिका कापली असावी.

७ ऑगस्ट, गुरुवार

ती दुपारी आली. लासूरहून रेल्वेनं. आईनं माझ्यासाठी दिलेली मुगाची डाळ पिशवीत होती.

चार वाक्यं पाठ केली होती. एकही आठवलं नाही. ती हातपाय धुऊन आली, पेटीकडे गेली, झाकण उघडलं. आत त्रेसष्ट कार्डं, मी पुसून ठेवलेली. ती मोजत नव्हती. नुसती बघत होती. मी सगळं सांगितलं. शेंगोळे, सांडूभाऊ, मॅडम, गोदाम. मध्ये मध्ये मी रडत होतो, ती नाही.

पेटीपाशी बसूनच ती म्हणाली, "गोकुळ."

मी मागे वळून बघितलं. खरंच वळून बघितलं, कोणी आलं की काय म्हणून. सतरा वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव फक्त उखाण्यात ऐकलं होतं.

"गोकुळ, तू विचारलं का नाहीस?"

"मी वाचलं आणि..."

"वाचलंस व्हय. मी इथंच व्हते की रे. एक फोन करायचा. कोण हाय म्हणून विचारायचं. मी सांगितलं असतं. हसलो असतो दोघं."

 मी म्हटलं, मार मला. ती म्हणाली, ऊठ, पोरीला भूक लागली असेल.

डाळीची खिचडी केली. तिघं जेवलो. वाढताना म्हणाली, "चार जुलैपासून विचारायचं व्हतं, पुण्याला जाऊ का म्हणून. आता विचारायचं राहिलं नाही. परवा राखी आहे, भाऊ येऊन जाईल. रविवारी निघते."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज इतका साधा होता की मला जास्तच भीती वाटली.

१० ऑगस्ट, रविवार

गेली. पेटी बरोबर नेली, त्रेसष्ट कार्डांसकट. बसमध्ये सामान मीच चढवलं. ४ जुलैचं कार्ड तिला परत देऊ लागलो तर म्हणाली, "ते ठेव तुझ्याकडं. ते तुझंच आहे."

खिडकीतून श्रेयाला म्हणाली, "शेवट मिळाला की कळवते." मला काही म्हणाली नाही. मी बस वळेपर्यंत उभा होतो. नंतरही होतो.

२४ ऑगस्ट, रविवार

बीपीचं मशीन कपाटात ठेवून दिलं आहे. राग येत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या हिशेबानं या वहीचं काम संपलं.

कंपनीतून सगळ्यांच्या घरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करून आणल्या. कापतो आहे. सारख्या आकाराची कार्डं करायला हात बसावा लागतो, पहिली पन्नास तिरकी गेली. टेबल भरलं आहे. ताट ठेवायला जागा नाही, श्रेया आणि मी ओट्यापाशी उभं राहून जेवतो. श्रेयाला विचारलं, ही मम्मीला पाठवू का? ती म्हणाली, "कोरी पाठवून काय करील ती?" तरी कापतो आहे.

तिकडून रोज संध्याकाळी श्रेयाच्या फोनवर बोलणं होतं. मी शेजारच्या खोलीत असतो. काल तिकडे सर्दी झाली होती, आवाजावरून कळलं. पावसात भिजणं झालं असेल. जेवण वेळेवर होतं का, कोण जाणे.

आज दुपारी शेंगोळे केले. बिघडले. ४ जुलैचं कार्ड समोर ठेवून खाल्ले.

शेवट मिळाला का, हे तिकडे विचारायचं आहे. फोन हातात घेतो आणि ठेवतो. बोलायचं धाडस होत नाही.